कपाशीतील तुरीचे तास : अल्पबचतीच्या परदेशगमनाची कहाणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी त्रैराशिक शिकवीत असता एक उदाहरण हमखास घालीत. हाली सिक्क्याचे ११६ रुपये १० आणे ८ पै म्हणजे कलदार १०० रुपये. तर पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याच्या बाजारात कलदार ३५० रुपयांना विकलेल्या कापसाचे अलीकडे हाली किती? आम्ही पाटीवर आकडेमोड करून ४०८ रुपये ५ आणे ४ पै असे उत्तर काढीत असू. वास्तविक आम्ही शाळेत आलो तोवर निजामाचे राज्य जाऊन बरीच वर्षे लोटली होती, हाली सिक्का चलनातून गेला होता आणि आण्यांच्या जागी नवे पैसे आले होते. तरी गुरुजी ते उदाहरण सोडीत नसत. त्यांच्या पिढीला नदीच्या दोन तीरांवर दोन नाणी असतात हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ज्याच्या घरात थोडे कलदार असत, त्याला वऱ्हाडात सोयरीक करणे, औषधपाण्याला नागपूर गाठणे, बैल विकत घेणे, सगळेच सोपे जाई. आपली सर्व पुंजी एकाच राज्याच्या नाण्यात असू नये, एवढे अर्थशास्त्र आदिलाबादच्या माणसाला कोणी न शिकविता ठाऊक होते.

मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. इतिहासाचे अध्यापन करून निवृत्त झालेला माणूस आहे. आजचा विषय मी निवडला त्याचे कारण माजी विद्यार्थ्यांच्या गेल्या मेळाव्यात मिळाले. आपल्याच शाळेतून गेलेली मुले आता पुण्या-हैदराबादेत, काही आखातात, काही अमेरिकेत आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांनी विचारले, ‘सर, निर्देशांकावर आधारलेल्या परदेशी ईटीएफमध्ये वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतले काही घालावे काय?’ सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. परंतु ही कल्पना कोठून आली, कोणत्या अनुभवातून घडली आणि तिने कोणाला दगा दिला, हे सांगणे इतिहासाच्या कक्षेत येते. शोधू जाता आढळले, की या कहाणीचा एक धागा आपल्या जिल्ह्याच्या काळ्या मातीतून जातो. तेथूनच आरंभ करतो.

आपल्याकडे कपाशीच्या आठ-दहा तासांनंतर तुरीचे एक तास पेरण्याची जुनी चाल आहे. पूर्वी बांधाला अंबाडी असे, एका पट्ट्यात ज्वारी आणि मूग असे. बोंडअळी आली किंवा दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, तरी तूर उभी राही. निदान वरणाची सोय होई. तुरीने कोणी श्रीमंत झाला नाही. पण तुरीमुळे पुष्कळांची जमीन सावकाराकडे जाण्याची वाचली. बीटी बियाणे आल्यानंतर, विशेषतः २००२ नंतरच्या दशकांत, कपाशीने बाकीची पिके मागे सारली आणि पुष्कळ शेतांतून तुरीची तासे विरळ झाली.

शेताची ही गोष्ट झाली. पण पगारदाराचे काय? शिक्षक, जिनिंगमधला कारकून, बाजार समितीतला तोलारी, बँकेतला रोखपाल, कापडाचा दुकानदार, यांच्यापैकी एकाही जणाने कपाशीचे बोंड तोडलेले नसेल. तरी ज्या वर्षी कापूस पडतो त्या वर्षी दुकानाची उधारी थकते, बँकेची कर्जे थकतात, प्लॉटचे भाव बसतात. नोकरी जिल्ह्यात, घर जिल्ह्यात, शेतीचा तुकडा जिल्ह्यात आणि उसनवार दिलेला पैसाही जिल्ह्यातच! कागजनगरने याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर ठेवले आहे. निजामाच्या काळात, १९३८ साली, स्थापन झालेली सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली आणि नव्या मालकांच्या हाती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली चार वर्षे कामगारांचे वेतन तर थांबलेच, पण गावातल्या घरांना गिऱ्हाईक राहिले नाही. म्हणजे अडचणीच्या वेळी विकावयाची वस्तू नेमकी त्याच वेळी कवडीमोल झाली. विपत्ती एकटी येत नाही असे आपण म्हणतो. या उदाहरणात ती एकटी येणे शक्यच नव्हते.

कापसाचे तर मूळच परदेशात आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड १८५३च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेलेच होते. हिंगणघाट आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईस व तेथून लिव्हरपूलला जाऊ लागला, भाव कित्येक पटींनी चढले आणि मुंबईत सोन्याचा पूर आला. त्या पैशाला वाट हवी होती. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा समभाग ५०,०००च्या घरात गेला असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. आज मुंबई विद्यापीठात उभा असलेला राजाबाई टॉवर त्यांनी मातोश्रींच्या नावाने दिलेल्या देणगीतून झालेला आहे.

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत जनरल लीने शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांचे हिशेब चुकते करण्याच्या दिवशी, सगळा बाजार बसला. बँक ऑफ बॉम्बेचे भांडवल या सट्ट्याच्या कर्जांत बुडाले व १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली.

या प्रसंगाकडे एका वेगळ्या अंगाने पाहावे असे मला वाटते. मुंबईच्या त्या धनिकांपाशी बँकेचे समभाग होते, जमीन कंपन्यांचे होते, जहाज कंपन्यांचेही होते. वरवर पाहता पैसा अनेक ठिकाणी वाटलेला दिसतो. परंतु प्रत्येक कंपनीच्या मुळाशी कापूसच होता. निरनिराळ्या नावांच्या दहा तासांत त्यांनी कपाशीच पेरली होती. संख्या वाढली म्हणजे विविधता आली असे होत नाही. आजही एखादा गृहस्थ आठ म्युच्युअल फंडांची नावे अभिमानाने सांगतो आणि आतून पाहिले तर आठांतही त्याच पाच-सहा मोठ्या कंपन्या निघतात. असो.

ज्या १८६८ साली मुंबईत बँक ऑफ बॉम्बे गुंडाळली गेली, त्याच वर्षी लंडनमध्ये ‘फॉरिन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट’ नावाची एक संस्था निघाली. तिची कल्पना साधी होती. तुर्कस्तान, इजिप्त, इटली, ब्राझील, रशिया अशा डझनाहून अधिक देशांच्या सरकारी रोख्यांचा एक गठ्ठा बांधावयाचा आणि त्या गठ्ठ्याचे लहान हिस्से मध्यम प्राप्तीच्या माणसांना विकावयाचे. बड्या भांडवलदारास अनेक देशांत पैसा विखरून ठेवता येतो, तीच सोय सामान्यास मिळावी, हा उद्देश तिने उघड मांडला होता. पुढे आठ-दहा वर्षांतच तुर्कस्तान आणि इजिप्त यांनी देणी थकविली. ज्याचा सगळा पैसा एकट्या तुर्की रोख्यांत होता तो धुळीस मिळाला. संस्था मात्र तगली. नाव आणि रूप बदलून ती आजही चालू आहे, आणि तिच्या गठ्ठ्यात आता सरकारी रोख्यांऐवजी जगभरच्या कंपन्यांचे समभाग आहेत.

हा मार्ग आपल्या लोकांना मात्र दीर्घकाळ बंद होता. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानात परकीय चलनावर नियंत्रण आले. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, तरी १९४७च्या कायद्याने ते नियंत्रण कायम राहिले आणि १९७३च्या ‘फेरा’ने अधिक कडक झाले. त्याची कारणे होती. परकीय चलनाची गंगाजळी तुटपुंजी होती आणि यंत्रसामग्रीपासून धान्यापर्यंत सर्व आयातीसाठी तीच पुरवावयाची होती. शिक्षकाच्या बचतीला न्यूयॉर्क दाखविण्याची चैन त्या देशाला परवडणारी नव्हती, हे मी तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. पण परिणाम असा झाला, की ६ जून १९६६ रोजी एका रात्रीत डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला आणि १९९१च्या जुलैमध्ये रुपयाची पुन्हा दोनदा घसरण करण्यात आली, तेव्हा सामान्य कुटुंबापाशी त्याविरुद्ध कोणतीही ढाल नव्हती.

कोणतीही नव्हती असे म्हणताना मी थांबतो, कारण एक होती आणि ती आमच्या आजींच्या गळ्यात होती. सोन्याचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो. रुपया घसरला की इकडे सोने चढते. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी तर मुळात व्हेनिस नगरराज्याचे नाणे. ज्या बाईने पुतळीमाळ मोडावयास नकार दिला, तिने घरातील एकमेव परकीय गुंतवणूक जपली होती, हे तिच्या हिशेबी यजमानांना कळले नसावे!

परदेशातला पैसा सुरक्षितच असतो असेही नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई चालू असता निजाम सरकारच्या नावे असलेले १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग लंडनमधील वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळविण्यात आले. निजामाने लगेच हरकत घेतली आणि ती रक्कम तेथेच अडकली. भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस यांच्या वादाचा निकाल लंडनच्या न्यायालयाने दिला तो २ ऑक्टोबर २०१९ रोजी, भारत आणि वारस यांच्या बाजूने. तोवर रक्कम सुमारे ३ कोटी ५० लाख पौंड झाली होती. ७१ वर्षांत ३५ पट ऐकावयास मोठे वाटते. चक्रवाढीने पाहिले तर दरसाल सुमारे पाच टक्के होतात. जगातील एका अतिश्रीमंत माणसाच्या घराण्याला आपला पैसा हाती येण्यास तीन पिढ्या वाट पाहावी लागली. परदेशी पैसा दोन कायद्यांच्या छायेत राहतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता निर्देशांकाकडे येऊ. बाजारातील निवडक कंपन्यांच्या भावांची एका सूत्राने सरासरी काढून एक आकडा देणे ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स डाऊ यांनी १८९६ मध्ये १२ कंपन्यांची अशी सरासरी काढली. मुंबईचा सेन्सेक्स १९८६ सालचा आणि निफ्टी १९९६ सालचा. हे सगळे बाजाराचा ताप पाहण्याचे थर्मामीटर होते. थर्मामीटरच विकत घेता येईल ही कल्पना १९७० नंतरची. १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी अमेरिकेत सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला निर्देशांक फंड काढला. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. १ कोटी १३ लाख जमले. लोक हसले, कारण या फंडाचा चालक हुशारीने समभाग निवडत नव्हता. निर्देशांकात जे आहे ते त्याच प्रमाणात घेऊन तो स्वस्थ बसत होता. बोगल यांचे म्हणणे एवढेच, की सर्व हुशार माणसांची मिळून सरासरी बाजाराइतकीच येणार. मग हुशारीची फी वाचवावी.

फंडाच्या युनिटची समभागाप्रमाणे दिवसभर खरेदी-विक्री होऊ शकेल, हा पुढचा टप्पा. त्याचे जनक नेथन मोस्ट हे शेअर बाजारातले कसलेले दलाल नव्हते. त्यांचे पूर्वायुष्य वनस्पती तेलांच्या आणि जिनसांच्या व्यापारात गेले होते. १९८७च्या ऑक्टोबरातील मोठ्या पडझडीनंतर अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजमध्ये नवे काही शोधत असता ते बोगल यांच्याकडे गेले. बोगल यांनी नकार दिला; लोक दिवसभर उलाढाल करतील आणि खर्चात बुडतील अशी त्यांना भीती होती, आणि ती अगदीच निराधार ठरली असे म्हणता येत नाही. मग मोस्ट यांना आपला जुना धंदा आठवला. व्यापारी माल गोदामात ठेवतो आणि गोदामाची पावती घेतो. पुढे माल जागचा हलत नाही. पावती हातोहात विकली जाते, तिच्यावर कर्जही मिळते, आणि ज्याला खरोखर माल हवा तो पावती देऊन माल उचलतो. समभागांचे तसेच करावे! निर्देशांकातील सर्व समभाग योग्य प्रमाणात एका विश्वस्त बँकेत ठेवावेत, त्यांची पावती काढावी आणि पावतीचे लहान तुकडे बाजारात विकावेत.

आदिलाबादच्या श्रोत्यांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या बाजार यार्डात उतरलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, गठाणी बांधल्या जातात, गोदामात रचल्या जातात आणि पुढे कागदच फिरतात. हस्तांतर करता येणाऱ्या गोदाम पावतीला आपल्या देशात २००७च्या कायद्याने रीतसर मान्यता दिली. तीच कल्पना न्यूयॉर्कमध्ये १९९३ साली समभागांना लागू झाली होती. त्या वर्षी २९ जानेवारीला ५०० मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या निर्देशांकाची पावती बाजारात आली. कॅनडातील टोरोंटोने तसाच प्रयोग १९९० मध्ये आधी करून दाखविला होता.

गोदाम पावतीचा एक गुण ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो लागणार आहे. पावतीचा भाव मालाच्या भावाला धरून का राहतो? पावती महाग झाली तर व्यापारी बाजारातून माल घेऊन गोदामात टाकतात, नवी पावती काढतात आणि विकतात. पावती स्वस्त झाली तर पावत्या गोळा करून माल उचलतात. गोदामाचे दार दोन्ही बाजूंनी उघडे असते, म्हणूनच भाव जुळतो.

भारतात पहिला ईटीएफ जानेवारी २००२ मध्ये आला. बेंचमार्क या मुंबईच्या छोट्या म्युच्युअल फंडाने निफ्टीवर आधारलेला ‘निफ्टी बीज’ काढला. सोन्याची अशी पावती काढण्याचा प्रस्तावही त्याच संस्थेने २००२ मध्ये मांडला होता. परवानगी मिळून तो भारतात प्रत्यक्षात येईतो २००७ उजाडले. तोपर्यंत ऑस्ट्रेलियाने २००३ मध्येच बाजी मारली. आपल्याकडे कल्पनेपेक्षा परवानगीला अधिक वेळ लागतो.

परदेशाचे दारही याच सुमारास किलकिले झाले. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य नागरिकाला वर्षाकाठी २५ हजार डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा दिली. १९३९ पासून मोजले तर ६५ वर्षांनी. ही मर्यादा पुढे वर-खाली होत २०१५ मध्ये अडीच लाख डॉलरवर आली. २०१० मध्ये हाँगकाँगच्या हँग सेंग निर्देशांकाचा आणि मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक १०० निर्देशांकाचा ईटीएफ आपल्याच शेअर बाजारात रुपयांत मिळू लागला. म्हणजे आदिलाबादच्या शिक्षकाला न्यूयॉर्कमध्ये खाते न उघडता, दोन-चारशे रुपयांपासून, परदेशातील शंभर कंपन्यांचा तुकडा घेणे शक्य झाले. लंडनच्या त्या संस्थेने १८६८ मध्ये जे योजले होते ते आपल्या दाराशी यायला १४३ वर्षे लागली.

याचा उपयोग झाला काय? दोन्ही बाजू मांडतो. २००२च्या अखेरीस सेन्सेक्स ३,३७७ होता, २००७च्या अखेरीस २०,२८७. पाच वर्षांत सहापट. त्याच काळात अमेरिकेचा ५०० कंपन्यांचा निर्देशांक दोन-तृतीयांशाने वाढला, आणि रुपया ४८ वरून ३९ वर सुधारल्यामुळे रुपयांत मोजता ती वाढ ३७ टक्क्यांच्या आसपासच राहिली. ज्याने त्या पाच वर्षांत पैसा बाहेर ठेवला असेल त्याची घरच्यांनी काय संभावना केली असेल याची कल्पना करा. मग आले २००८. सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला. अमेरिकेचा बाजारही कोसळला, सुमारे ३८ टक्के. पण त्याच वर्षी डॉलर ३९ रुपयांवरून ४८च्या पुढे गेला, त्यामुळे रुपयांत ते नुकसान साधारण पाव भागावर थांबले. अरिष्टात सगळे बाजार बरोबरच पडतात, हे खरे. त्या पडझडीत आधार दिला तो समभागांनी नव्हे, नाण्याने. गुरुजींच्या हाली-कलदारचे गणित ते हेच.

परदेश म्हणजे एकच देश असा समज करून घेणाऱ्यांना जपानची गोष्ट सांगावी. तेथील निक्की निर्देशांक १९८९च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. तेव्हा जपान जग विकत घेणार असे जाणती माणसे लिहीत होती. मार्च २००९ मध्ये तो ७,१००च्याही खाली गेला आणि १९८९चा आकडा पुन्हा गाठला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षे! पंचविशीतला माणूस निवृत्त झाला. रशियाचे याहून वाईट. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर जागतिक निर्देशांकांनी रशियन समभाग जवळपास शून्य मोलाने काढून टाकले. निर्देशांक निष्पक्ष असतो, पण तो अंधही असतो. जे मोठे झाले त्याला अधिक जागा देतो. २०२० नंतरच्या वर्षांत जगाच्या निर्देशांकात अमेरिकेचाच वाटा तीन-पंचमांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहिला आहे. त्यामुळे ‘जागतिक’ हे नाव वाचून भाळू नये. आत किती देशांचे किती आहे ते पाहावे.

आता गोदामाच्या दाराची गोष्ट. भारतीय म्युच्युअल फंडांनी परदेशी समभागांत मिळून ७०० कोटी डॉलरपर्यंतच गुंतवावे अशी मर्यादा होती. ती भरत आली तेव्हा फेब्रुवारी २०२२ पासून नवी परदेशी गुंतवणूक थांबविण्यात आली. जूनमध्ये थोडी सवलत मिळाली, ती जुन्या आकड्याच्या आतच. परदेशी ईटीएफमध्ये गुंतविणाऱ्या योजनांची मर्यादा वेगळी, १०० कोटी डॉलरची; तीही भरत आल्याने १ एप्रिल २०२४ पासून त्यांनाही नवा पैसा घेता येईना. पावत्या मात्र बाजारात फिरतच होत्या. माल गोदामात टाकण्याचे दार बंद आणि पावतीला गिऱ्हाईक वाढते. मग पावती मालापेक्षा महाग होणार नाही तर काय होणार? अशा काही युनिटचे बाजारभाव आतल्या समभागांच्या किमतीहून दहा टक्क्यांच्याही वर गेले.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका अशा ईटीएफची युनिटे मी स्वतः त्या काळात घेतली. भाव चढतो आहे एवढेच पाहिले. आतल्या मालाची किंमत, जी रोज जाहीर होते, ती पाहिली नाही. शंभराचा माल एकशे बाराला घेतला हे मला तीन आठवड्यांनी नातवाने दाखविले. पुढे अमेरिकेचा बाजार वाढला तरी अधिक मोजलेल्या रकमेतील पुष्कळ भाग विरघळून गेला. आयुष्यभर मुलांना १८६५ शिकविणाऱ्याने असे करावे, याची गंमत आमच्या घरी अजून चालते. यार्डात कापूस नेताना ओलाव्याचा आकडा पाहिल्याशिवाय आपण भाव मान्य करीत नाही, आणि इथे मी ओलावाच पाहिला नाही.

राहिला त्या मुलांचा प्रश्न : काही घालावे काय, आणि किती? न्यूयॉर्कचा कापूस मार्च २०११ मध्ये पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता आणि पुढल्या वर्षी एका डॉलरच्या खाली आला. मे २०२२ मध्ये दीड डॉलरच्या पुढे आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर जवळपास निम्म्यावर. आपल्या यार्डात क्विंटलला दहा हजारांच्या गोष्टी झाल्या आणि विरल्या, त्या या लाटेवर. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने आयात कापसावरील ११ टक्के शुल्क काही काळापुरते उठविले, तेव्हाही आपल्या गावातील चर्चा दिल्ली आणि वॉशिंग्टन यांचीच होती. मिळकतीच्या बाजूने आपण जगाशी बांधलेलेच आहोत, आणि तेही फक्त तोट्याच्या दोरीने. बचतीच्या बाजूने एखादी दोरी उलट दिशेने बांधणे मला गैर वाटत नाही. प्रमाण विचाराल तर मी शेतकऱ्याचेच सांगेन : आठ-दहा तासांमागे एक. सगळ्या शेतात तूर पेरणारा मी पाहिलेला नाही. दोन वर्षांत मुलीचे लग्न किंवा शस्त्रक्रिया असेल तर तो पैसा कपाशीतही नको आणि तुरीतही नको, तो पोस्टात असावा. आणि घेण्यापूर्वी त्या दिवशीची आतल्या मालाची किंमत व बाजारभाव शेजारी शेजारी मांडून वजाबाकी करावी. दार बंद असेल तर थांबावे. बँकेमार्फत थेट डॉलर पाठविण्याची वाट २०२२ नंतरही उघडी होती, परंतु बँकेचे शुल्क, विनिमयातली कसर आणि मोठ्या रकमेवर आगाऊ कापला जाणारा कर पाहता पाच-दहा हजारांच्या बचतीला ती सोयीची पडली नाही. तिकडे वळले ते बहुधा मोठे लोकच.

आखातातल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना एक वेगळे सांगावयाचे आहे. त्यांची नोकरी परदेशात, मिळकत दिरहॅम किंवा रियालमध्ये, आणि ती नाणी डॉलरला जखडलेली. त्यांचे शेत आधीच तुरीने भरलेले आहे. त्यांनी आदिलाबादेत दोन खोल्या बांधल्या किंवा निफ्टीची पावती घेतली तर तीच त्यांची परदेशी गुंतवणूक. १९९० च्या ऑगस्टमध्ये कुवेत पडले तेव्हा ज्यांचे सर्व काही तेथल्या बँकांत होते ते हाती एक पिशवी घेऊन परतले. ज्यांनी घरी थोडे पाठविले होते त्यांचा संसार निदान उभा राहिला.